ज्ञानदेवचा चालू खिसा

घडलेली गोष्ट आणि सांगितलेली गोष्ट यांच्यात थोडं अंतर असतं, आणि त्या अंतरातच माणसं संसार करतात. हे अंतर बुजवण्याचा प्रयत्न आजवर पुष्कळांनी केला. कुणी साक्षीदार ठेवले, कुणी शपथा घातल्या, कुणी डायऱ्या लिहिल्या. कुरुळीच्या ज्ञानदेवने कॅमेरा घेतला.

ज्ञानदेव चाकणच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात होता. या कंपनीत गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनतात. तयार बिजागरी ज्ञानदेवच्या टेबलावर येते. तो ती उघडतो, मिटतो, मापं घेतो, कागदावर लिहितो आणि शिक्का मारतो: पास किंवा नापास. चोवीस वर्षांत त्याने न तपासता एकही बिजागरी पुढे सोडलेली नव्हती. त्या विभागाच्या भिंतीवर एक वाक्य रंगवलेलं आहे: 'ज्याची नोंद नाही, ते घडलंच नाही.' बाकीचे लोक ते रोज वाचून रोज विसरत. ज्ञानदेवने ते मनावर घेतलं. (भिंतीवरची वाक्यं मनावर घेणारा एखादा माणूस प्रत्येक कंपनीत असतो. त्याला बढती देत नाहीत, पण रजाही नाकारत नाहीत.)

घरी मात्र नोंदींच्या नावाने बोंब होती. एका शनिवारी रश्मीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला गिरणीत पाठवलं. तो ज्वारी दळून घेऊन आला.

"मी बाजरी म्हणाले होते," रश्मी म्हणाली.

"तू ज्वारी म्हणालीस."

"बाजरी. तुम्ही बूट घालत होता. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. ती बांधता बांधता 'बरं' म्हणालात."

प्रकरण नाडीपर्यंत गेल्यावर ज्ञानदेवने पीठ डब्यात ओतलं. रश्मीची स्मरणशक्ती ही त्या घरातली सगळ्यात जुनी आणि एकदाही दुरुस्तीला न गेलेली वस्तू होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात ज्ञानदेवने एकच वाद जिंकला होता. (तो कशावरून झाला होता हे त्याला आठवत नव्हतं. रश्मीला आठवत होतं.)

दुसऱ्याच दिवशी तो पिंपरी कॅम्पात गेला आणि खिशाला लावायचा छोटा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला. मोबाइल होता, नाही असं नाही. पण मोबाइल काढून समोर धरला की माणसं केस सावरतात आणि खोटं बोलायला लागतात. शिवाय त्याच्या मोबाइलमधली सगळी जागा नातेवाइकांच्या 'शुभ सकाळ'ने भरून गेली होती.

यंत्र अगदी साधं होतं. काडेपेटीहून जरा मोठं, वर एकच बटण. दाबलं की तांबडा दिवा लागून चित्रण सुरू, परत दाबलं की बंद. कॅमेऱ्याच्या पाठीला लोहचुंबक. खिशाच्या आत एक लोखंडी चकती ठेवायची, बाहेरून कॅमेरा चिकटवायचा. ज्ञानदेव वाकला की तो घसरायचा. तेव्हा इमारतीच्या खालच्या गाळ्यात दुचाकींचं गॅरेज चालवणाऱ्या इकबालने ती चकती फेकून दिली आणि तिच्या जागी एका जुन्या भोंग्यातला भलाथोरला चुंबक बसवून दिला.

"आता भूकंप झाला तरी हलणार नाही, ज्ञानूभाऊ," इकबाल म्हणाला.

ते खरं होतं. फक्त तेव्हापासून ज्ञानदेव स्वयंपाकघरातून गेला की ओट्यावरचे चमचे त्याच्याकडे वळून बघायचे.

कोणतंही यंत्र नियमांशिवाय चालवणं ज्ञानदेवला पटण्यासारखं नव्हतं. त्याने दोनशे पानी वही आणली आणि पहिल्याच पानावर नियम लिहिले. पहिला, वाद सुरू होण्यापूर्वी कॅमेरा चालू असल्याची खात्री करावी. दुसरा, कॅमेरा बंद असताना सुरू झालेला वाद तत्काळ थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा. तिसरा, बोलणाऱ्याने उजेडाकडे तोंड करावं. चौथा, चित्र नसेल तर नुसतं तोंडी म्हणणं ग्राह्य धरू नये.

दुसऱ्या नियमाचे परिणाम लगेच दिसले. रश्मी रंगात येऊन तिसऱ्या वाक्यापर्यंत पोचायची आणि ज्ञानदेव हात वर करून म्हणायचा, "थांब. दिवा लागला नव्हता. 'तुमच्या घरच्यांनी' पासून परत घे." रागावलेल्या माणसाला तोच राग परत पहिल्यापासून आणायला सांगणं किती अवघड असतं, हे ज्यांनी करून पाहिलं आहे त्यांनाच कळेल. रश्मी दोनदा प्रयत्न करायची आणि मग कणीक मळायला निघून जायची. घरातले वाद निम्म्यावर आले. ज्ञानदेवने त्याची सुधारणा म्हणून नोंद केली.

पहिल्या अडतीस दिवसांत चौदा वाद पूर्ण चित्रित झाले. पैकी तेरा चित्रफितींत रश्मीचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. चौदाव्याचा निकाल लागला नाही, कारण ऐन मोक्याच्या वेळी ज्ञानदेव पेरू खात होता आणि त्या आवाजापुढे दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दुसरा एखादा माणूस इथे खचला असता. ज्ञानदेवने वहीत लिहिलं: 'यंत्र निर्दोष. नमुना अपुरा. तपासणी चालू ठेवावी.'

त्याची आई जाईबाई शहात्तर वर्षांची होती. तिची अशी समजूत झाली की मुलाच्या खिशातलं यंत्र थेट राजगुरुनगरला तिच्या बहिणीच्या घरात जोडलेलं आहे. ती रोज सकाळी ज्ञानदेवच्या छातीपाशी तोंड नेऊन मोठ्याने बोलायची.

"ऐकतीस का गं? आमी बरं हाय. गुडघं दुखत्यात. तुजं कसं हाय?"

मग ती उत्तरासाठी कान लावून थांबायची.

"आई, हा फोन नाही," ज्ञानदेव सांगायचा.

"व्हय, व्हय. कळतंय मला. तिला आता सवड नसंल," जाईबाई म्हणायची, आणि संध्याकाळी परत निरोप द्यायची. चित्रणांपैकी एकोणऐंशी या निरोपांची आहेत. सगळ्यांत तिचं नुसतं नाक दिसतं, फार जवळून.

हळूहळू यंत्राची कीर्ती इमारतीत पसरली. पूर्वी कुणी कुणाला शब्द दिला की तो हवेत विरून जायचा, आता लोक म्हणायला लागले, "असं नको. ज्ञानदेवच्या खिशासमोर बोल." नळदुरुस्तीवाला मंगळवारी येण्याचं वचन द्यायला सोमवारी जिने चढून तिसऱ्या मजल्यावर यायचा. दोन जावा एकमेकींशी बोलायचं नाही असं ठरवायला आल्या, आणि ते नीट चित्रित व्हावं म्हणून अर्धा तास एकमेकींशी बोलत बसल्या. ज्ञानदेव दार उघडायचा, बटण दाबायचा आणि म्हणायचा, "खिसा चालू आहे. बोला." आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्याच्याकडे आपण होऊन येत होते. ते डोळ्यांऐवजी छातीकडे बघून बोलत, एवढाच काय तो फरक.

तोटा झाला तो इकबालशी असलेल्या दोस्तीचा. गेली सोळा वर्षं दर रविवारी दोघं गॅरेजपुढच्या बाकावर बसून चहा प्यायचे आणि कंपनी, पोरं, गुडघे, पेट्रोल अशा विषयांवर बोलायचे. पण इकबालचा सगळा धंदा 'उद्या' या शब्दावर चालायचा. गाडी कधी मिळेल? उद्या. एकदा एका गिऱ्हाइकाने ज्ञानदेवकडून चित्रण मागून घेतलं, आणि त्यात इकबाल एकाच गाडीसाठी चार वेगवेगळ्या रविवारी 'उद्या' म्हणताना सापडला. त्यानंतर त्याने तो शब्दच सोडला. कुणी विचारलं की तो आभाळाकडे बघायचा. रविवारच्या चहालाही तो गप्प बसायला लागला.

"बोल की," ज्ञानदेव म्हणायचा.

"कुणाशी बोलू, भाऊ? तुझ्याशी का खिशाशी?" इकबालने एकदा विचारलं, आणि बशी धुवायला उठून गेला.

ज्ञानदेवची मुलगी स्वरूपा चोवीस वर्षांची होती आणि भोसरीच्या एका कारखान्यात साच्यांचे आराखडे काढायची. एका संध्याकाळी ती हातात एक लिफाफा घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आप्पा, एक बोलायचं होतं."

"थांब, चालू करतो." तांबडा दिवा लागला. "हं. उजेडाकडे तोंड कर. बोल."

स्वरूपाने दिव्याकडे पाहिलं. मग लिफाफा पाठीमागे धरला. "काही नाही. नळाला पाणी आलंय का, ते विचारायचं होतं."

असं आणखी दोन वेळा झालं. ज्ञानदेवने वहीत लिहिलं: 'स्वरूपा: पाण्याची चौकशी, तीन वेळा. जबाबदारीची जाणीव वाढत आहे.' मुलगी घराकडे एवढं लक्ष द्यायला लागली म्हणजे आता तिच्या लग्नाचं बघायला हरकत नाही, असा त्याने त्यातून निष्कर्ष काढला. निष्कर्ष काढण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

स्थळ वाकडचं होतं. बावीस मजली इमारत, मुलगा कुलदीप, काम संगणकाच्या कंपनीत. वडील ज्योतीराम सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. बघायचा कार्यक्रम रविवारी अकराला ठरला. तिघं वेळेवर आले. सगळ्यांचे जयभीम झाले. ज्ञानदेवने पुढे होऊन पाहिलं, तर ज्योतीरामांच्या नव्याकोऱ्या शर्टावर, उजव्या बाजूला, तसाच कॅमेरा. तांबडा दिवा चालू.

"पुढे कुणी शब्द फिरवायला नको," ज्योतीराम म्हणाले.

"अगदी बरोबर," ज्ञानदेव भारावून म्हणाला. समविचारी माणूस त्याला प्रथमच भेटत होता. त्याने दारातच नियमांची वही उघडून दाखवली.

"तुमचा किती जीबीचा?"

"चौसष्ट."

"आमचा एकशे अठ्ठावीस."

मुलाकडची बाजू इथूनच वरचढ झाली.

त्यानंतर बावीस मिनिटं जे घडलं, त्याला शिष्टाचाराचा नमुना म्हणावं लागेल. एरवी अशा बैठकीत पगार, शेत, फ्लॅटचा हप्ता, मुलीचं खरं वय आणि मुलाची खरी उंची, एवढ्या विषयांवर दोन्हीकडून मारामारी होते. इथे दोन भिंगं रोखलेली होती. बोललेलं राहणार होतं. म्हणून कुणी काहीच बोललं नाही. बावीस मिनिटांत एकूण चार वाक्यं झाली: 'या', 'बसा', 'घर लगेच सापडलं का' आणि 'हो'. बाकी सगळा वेळ पाच माणसं मंद हसत पोहे खात होती, आणि कुणाच्या दाताखाली शेंगदाणा फुटला की दोन्ही बाप छाती वळवून तिकडे बघत होते. स्वरूपा बशी घेऊन खिडकीशी बसली होती. जाईबाई कोपऱ्यात पाटावर होती आणि तिला झोप येत होती.

शेवटी कुलदीपच्या आईने मुलाला कोपर मारलं. कुलदीप घसा खाकरून स्वरूपाला म्हणाला, "तुम्हाला वाकडला राहायला आवडेल का?" नेमकं त्याच क्षणी रश्मीने भांडं पुढे करून विचारलं, "स्वरा, अजून थोडे पोहे घालू?"

स्वरूपा म्हणाली, "चालेल."

मग ज्योतीराम उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. "झालं तर मग!" ते म्हणाले. "व्याही झालो आपण!" आणि दोन्ही हात पसरून त्यांनी ज्ञानदेवला कडकडून मिठी मारली.

'टक्' असा आवाज झाला.

मिठी मारून झाली, पण ती सुटेना. इकबालने बसवलेल्या भोंग्याच्या चुंबकाने समोरचा कॅमेरा, त्यामागची चकती आणि मधला नवाकोरा शर्ट हे सगळं एकदम धरून ठेवलं होतं. दोघांनी मागे व्हायचा प्रयत्न केला. शर्टाची शिवण करकरली.

"ओढू नका!" कुलदीपची आई ओरडली. "शर्ट नवाय!"

"ओढू नका!" ज्ञानदेवही म्हणाला. "हिसक्याने चित्रण पुसलं जाईल."

"आमचंही पुसलं जाईल," ज्योतीराम म्हणाले.

(चुंबकाने असली नोंद पुसली जात नाही, असं जाणकार सांगतात. पण त्या वेळी खोलीत जाणकार नव्हता.)

अशा रीतीने दोन व्याही, छातीला छाती लावून, एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतींकडे बघत उभे राहिले. ज्योतीरामांच्या वाट्याला घड्याळ आलं, ज्ञानदेवच्या वाट्याला कॅलेंडर. रश्मीने गॅलरीतून इकबालला हाक मारली. इकबाल एका गाडीशेजारी आडवा झाला होता. त्याने 'आलो' अशा अर्थी पाय हलवला. एवढ्यात कोपऱ्यातून जाईबाईचा आवाज आला.

"काय रं, एकमेकांवर लावल्यावर त्येंला काय दिसतंय का आता?"

"काळोख असेल, आई," ज्ञानदेव ज्योतीरामांच्या कानाशी म्हणाला.

"मंग बोला की आता," जाईबाई म्हणाली. "कवाची मुक्यावानी बसलाय सगळी."

कुणीतरी खोलीतली खिडकी उघडावी तसं झालं. पहिल्यांदा कुलदीपची आई म्हणाली, "वहिनी, खरं सांगू? पोह्यांत मीठ जास्त पडलंय."

"मला पहिल्याच घासाला कळलं," रश्मी म्हणाली. "पण आता कसं उठून सांगायचं?"

"मला फार आवडले," कुलदीप म्हणाला. "आणि ही माझी बारावी मुलगी आहे. म्हणजे बघायची. बाबा प्रत्येक ठिकाणी कॅमेरा लावून येतात. दिवा दिसला की मला काही सुचतच नाही. मी एकीला तिचा ब्लड ग्रुप विचारला."

"कुलदीप!" ज्योतीराम घड्याळाकडे बघत ओरडले. त्यांना वळता येत नव्हतं.

मग स्वरूपा बोलली. "आप्पा, मी 'चालेल' पोह्यांना म्हणाले."

ज्ञानदेवने मान वळवायचा प्रयत्न केला. मान वळली, पण ज्योतीरामांच्या कानापर्यंतच.

"मला कोइमतूरला जायचंय," स्वरूपा म्हणाली. "आमच्या कारखान्याने निवडलंय. एक वर्ष. साचे कापायची नवी मशिनं आहेत तिकडे, ती शिकून यायची. बारा जणांतून मला निवडलंय. वीस दिवसांत कळवायचं होतं, सोळा गेले, चार उरलेत. मी तीनदा सांगायला आले तुम्हाला. तीनदा तुम्ही म्हणालात, थांब, चालू करतो."

"मला वाटलं तू पाण्याचं विचारतेस," ज्ञानदेव कॅलेंडरला म्हणाला.

"पाणी सकाळी सातला येतं, आप्पा. रोज. मी जन्मल्यापासून."

त्याला तिचं तोंड बघायचं होतं. गेल्या तीन महिन्यांत त्याने तिचं तोंड किती वेळा चित्रित केलं होतं याचा आकडा वहीत होता. ते बघितलं किती वेळा, याचा नव्हता. समोर कॅलेंडरावर गॅस सिलिंडर संपल्याच्या तारखेला रश्मीने गोल केला होता. तो त्या गोलाकडे बघत उभा राहिला, आणि ज्योतीरामांचं काळीज आपल्याच छातीवर धडधडतंय हे त्याला कळत होतं.

अकराव्या मिनिटाला इकबाल हात पुसत वर आला. त्याने दोघांभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"ओढलं का?"

"नाही," दोघं म्हणाले.

"चांगलं केलं. चुंबक ओढायचा नसतो, सरकवायचा असतो." त्याने एकाला डावीकडे आणि दुसऱ्याला उजवीकडे ढकललं. दोन बाप सुटे झाले.

आता खरी अडचण सुरू झाली. ज्योतीरामांनी शर्ट नीट केला आणि जाहीर केलं की घडलं ते घडलं, पण मुलीने होकार दिलेला आहे आणि तो चित्रित आहे. दोन्ही कॅमेरे आळीपाळीने टीव्हीला जोडण्यात आले. ज्योतीरामांच्या चित्रणात स्वरूपा कुलदीपकडे बघत 'चालेल' म्हणत होती. ज्ञानदेवच्या चित्रणात ती पोह्यांच्या भांड्याकडे बघत 'चालेल' म्हणत होती. दोन्ही नऊ नऊ वेळा पाहून झाली. सहाव्या वेळी इकबाल म्हणाला की त्याला भूक लागली आहे.

"ती आत्ताच म्हणाली ना, पोह्यांना म्हणाले म्हणून," रश्मी म्हणाली.

"काळोखात म्हणाली," ज्योतीराम म्हणाले. "चित्र नाही. तुमच्या वहीत चौथा नियम काय आहे, मघाशी तुम्हीच मला कौतुकाने दाखवलात."

वही टेबलावरच होती. सगळ्यांनी ज्ञानदेवकडे पाहिलं. नियम त्याच्याच अक्षरात होता, खाली दोन रेघा मारलेल्या. ज्याची नोंद नाही ते घडलेलं नव्हतं. कोइमतूर घडलेलं नव्हतं, लिफाफा घडलेला नव्हता. चित्रासकट, आवाजासकट घडलेला होता तो एकच शब्द.

ज्ञानदेव उठून स्वरूपासमोर गेला. सवयीने त्याचा हात खिशाकडे गेला. खिशावर काही नव्हतं. कॅमेरा टीव्हीखाली वायरला लोंबत होता.

"परत सांग," तो म्हणाला. "नुसतं."

"पोह्यांना म्हणाले, आप्पा."

त्याने तिच्याकडे बघितलं. उजेडाकडे तोंड करायला तो तिला म्हणाला नाही.

"पोह्यांनाच म्हणाली," तो ज्योतीरामांना म्हणाला.

"पुरावा?"

"नाही."

"मग कशावरून?"

"ती म्हणते त्यावरून." चोवीस वर्षांत पहिल्यांदाच ज्ञानदेव काहीतरी न तपासता पुढे सोडत होता. "पास," तो म्हणाला, आणि खाली बसला.

रश्मीने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि क्षणभर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अशा गोष्टी ती विसरत नाही.

ज्योतीरामांनी आपला कॅमेरा परत छातीला लावून ज्ञानदेवचा नकार तेवढा टिपला, आणि आपल्याला अपमानास्पद वागणूक मिळाल्याचा पुरावा घेऊन ते समाधानाने वाकडला गेले. कुलदीपने जाताना पोहे डब्यात भरून मागितले, मीठ जास्त असलेलेच. चार दिवसांची मुदत होती. स्वरूपाने त्याच दुपारी कळवून टाकलं आणि पुढच्या महिन्यात ती कोइमतूरच्या गाडीत बसली. ज्ञानदेव तिला सोडायला स्टेशनवर गेला होता. काय बोलणं झालं ते कळायला मार्ग नाही, कारण कॅमेरा त्याने घरी ठेवला होता.

पण हकिगत इथे थांबली नाही. इकबालने ती गॅरेजमध्ये सांगितली. (तो परत बोलायला लागला होता, आणि साठलेलं बरंच होतं.) गॅरेजातून ती कंपनीत गेली, कंपनीतून मोशीला, मोशीहून थेट राजगुरुनगरपर्यंत. आता ज्ञानदेवला रस्त्यात लोक थांबवतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "ती क्लिप आहे का?"

"कुठली?"

"ती हो. चिकटल्याची."

तो समजावून सांगतो की दोन्ही भिंगं एकमेकांवर होती, दोन्ही चित्रणांत अकरा मिनिटं काळोख आणि नुसते आवाज आहेत, बघण्यासारखं काहीच नाही.

"असू दे," लोक म्हणतात, "काळोख पाठवा."

आजवर दोनशे सहा जणांनी ही मागणी केली आहे. त्यांत इमारतीतले एक्केचाळीस, कंपनीतले अठ्ठ्याण्णव आणि उरलेले सदुसष्ट नातेवाईक व हितचिंतक. स्वरूपाला तिकडे राहायला जागा बरी मिळाली का, जेवणाचं काय करते, मशिनं हाताला येतायत का, असं विचारणाऱ्यांची संख्या शून्य आहे.

वाचकांची गणना यात धरलेली नाही. ती धरायला हरकत नव्हती. पण वर दोन बाप छातीला छाती लावून उभे होते तेव्हा तुमचंही लक्ष तिकडेच होतं, आणि त्याच वेळी खिडकीशी बसलेली एक मुलगी आपल्याला नेमकं काय शिकायला जायचंय ते सांगत होती. काय, ते वर न बघता आठवत असेल तर उत्तमच.

नसेल, तर नंबर कळवा. काळोख पाठवून देऊ.